आगोटीतली उघडी गॅलरी

आमच्या बंदरात आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, पंचांगातून येत नाही, बैलगाडीतून येते. वैशाख सरता सरता झापांच्या गाड्या गावात शिरतात. नारळाच्या झावळ्या विणून केलेली ती झापं, हिरवट वासाची, कडेला काट्यासारखी टोचणारी. मग घरोघर गडी शिड्या लावतात, पडव्या झाकतात, ओट्या झाकतात, माडीच्या गॅलऱ्या झाकतात. बायका तिखट-मीठ, सुकट, लाकूडफाटा भरून घेतात. किनाऱ्यावरचे मचवे वर ओढून त्यांच्यावरही झापं पडतात. शेवटची आगबोट शिट्टी देऊन गेली की गाव दार लावल्यासारखं आत जाऊन बसतं, ते नारळी पौर्णिमेलाच बाहेर डोकावतं.

यंदाही सगळं गाव झाकलं गेलं, एक आमची गॅलरी सोडून. पुष्कळ वर्षांनी ती पुन्हा उघडी आहे. आषाढाची झड तिरकी आत येते, फरशी शेवाळते, आणि दोरीवरची लुगडी तीन-तीन दिवस ठिबकत राहतात. शेजारणी म्हणतात, "एजंटीणबाई, तुमच्याकडं झापांना पैसा न्हाय व्हय?" मी हसते. काय सांगू त्यांना? आमची गॅलरी उघडी का, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. निदान त्यांच्या सासवांना तरी नक्कीच आहे.

आमचे हे बँकेचे एजंट, म्हणजे इथल्या शाखेचे मुख्य. म्हणून मी एजंटीण. खाली बँक, वर आम्ही. बँकेचा नियमच तसा, एजंटाने बँकेच्या माथ्यावर राहायचं, आणि मुंबईहून बदली माणूस आल्याशिवाय एक रात्रही गावाबाहेर काढायची नाही. बदली माणूस येणार आगबोटीने, आणि आगबोट पावसाळ्यात बंद. म्हणजे ज्येष्ठ ते श्रावण हे कायदेशीर कैदी, आणि मी बिनकायद्याची. त्यातून ज्याने ही इमारत बांधली त्याला बायकामाणसं घरात असतात हे ठाऊकच नसावं. वरून खाली यायला एकच जिना, आणि तो उतरतो थेट बँकेच्या सोप्यात, गिऱ्हाइकांच्या बाकासमोर. शेजारी चमचाभर विरजण मागायला जायचं तरी डोक्यावरून पदर घेऊन दहा पुरुषांच्या नजरा ओलांडाव्या लागतात. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी ठरवलं, काही नडलं नाही तर खाली उतरायचंच नाही. खिडक्यांना बोटभर जाडीचे गज, खाऱ्या वाऱ्याने गंजलेले. त्यांना हात लावला की हाताला रक्तासारखा वास येतो. उघडी अशी एकच जागा होती, ही गॅलरी.

बँक मोठी जुनी हं. माझ्या आजेसासूबाईंच्याही आधीची. मुंबईत दोघा भागीदारांनी कापसाच्या व्यापारावर काढलेली पेढी. पुढे एकाच्या मुलाने तिला बँक म्हणायला सुरुवात केली, विलायती शिक्का केला, दारात बंदुकवाला उभा केला. मग एक लहान बँक हिने पोटात घेतली. पुढे एका मोठ्या बँकेने हिला पोटात घेतलं. आमच्या बंदरात शाखा निघाली ती इथल्या सुपारीसाठी आणि खलाशांसाठी. इथल्या मुसलमान घरांतले पुरुष आगबोटींवर झांजिबार, रंगूनपर्यंत जातात. त्यांचा पगार यायला कुठेतरी वाट हवी ना. हे सगळं मला ह्यांनी सांगितलं, दर वेळी नव्या उत्साहाने, जसं काही स्वतःच्या घराण्याचंच सांगताहेत. मला मात्र बँकेचा इतिहास कळतो तो दारावरच्या पाटीवरून. नवं नाव आलं की रंगारी जुनं खरवडत नाही, त्यावरच रंग देतो. एखादा पावसाळा खाल्ला की नव्या अक्षरांचे पोपडे सुटतात आणि खालून जुनं नाव डोकावतं. परगावचा माणूस दारात उभा राहून विचारतो, "नक्की बँक कोणची हो ही?"

मला त्याचं नवल वाटत नाही. मीही माहेरची वेणू. इथे तांदळावर नाव काढलं ते सरस्वती. सासरचं कोणी विचारलं तर सरस्वती, गावाने विचारलं तर एजंटीण. वेणू म्हणून हाक मारणारं माणूस एकच उरलं होतं, माझी आई, उरणला.

ती आगोट मिठाच्या सत्याग्रहाच्या चार-पाच वर्षं आधीची. माझं पहिलंच बाळंतपण होतं, सहावा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला हवं? वडील मिठागरांच्या कचेरीत कारकून होते, ते मागेच गेले. आईला दम्याचा आजार, थंडीत तर ती बसूनच झोपायची. तिने धाकट्या भावाकडून कार्ड लिहून घेतलं होतं: "वेणू, खोली सारवून घेतली आहे. डिंक आणला आहे. या वेळी नक्की ये. पुढचं मी काही सांगत नाही." ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. जमिनीवरून जायचं तर म्हसळ्यापर्यंत बैलगाडी, पुढे खाड्या, होड्या, घाट. जड पायाच्या बाईचं ते काम नव्हे. आगबोटीने मात्र सकाळी बसलं की मुंबई, आणि मुंबईहून उरण म्हणजे हाकेवर. शेवटची आगबोट ठरली होती. ट्रंक भरली होती. मी रोज एकदा उघडून बघत असे.

आणि तेवढ्यात ती तार आली.

मुंबईहून, मोठ्या कचेरीतून. ह्यांना एक खोड आहे, इंग्रजी कागद आला की मोठ्याने वाचायचा. बँकेत त्या वेळी काशीशेट बसला होता. सुपारीचा व्यापारी, बँकेचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. कामाशिवाय रोज तासभर बाकावर बसणार, तंबाखू मळणार आणि ऐकणार. तारेत होतं, आमची बँक आणि आणखी एक बँक एक होणार, घाबरू नये, व्यवहार चालू ठेवावेत. पण तारेतला मुख्य शब्द इंग्रजी. ह्यांनी तो चांगला खणखणीत वाचला, "अमालगमेशन."

काशीशेट तंबाखू मळायचा थांबला. म्हणाला, "काय म्हनलात सायेब?"

"अमालगमेशन."

"मालगमेशन?"

"हो, तेच ते," हे म्हणाले आणि आत गेले. इथेच चुकलं. 'हो' म्हणायला नको होतं. काशीशेट सरळ उठला, बाजारात गेला, आणि सुपारीच्या वखारीत उभं राहून म्हणाला, "बँकेनं माल गमावला. सायेबाच्या तोंडून ऐकलं. मुंबैवरनं तसा शब्दच आलाय."

हसू येतं आता. त्या दिवशी तोंडचं पाणी पळालं होतं. दुपारपर्यंत सोप्यात पाय ठेवायला जागा नाही. हे पुन्हा पुन्हा सांगताहेत, "अहो, दोन बँकांचं लग्न लागलंय असं समजा!" त्यावर एक म्हातारा खलाशी म्हणाला, "लगीन लागलं तर हुंडा कुनी दिला?" त्याला काय उत्तर द्यायचं? तिजोरीत असायची ती रोजच्या कामापुरती रोकड. सगळे एकदम मागायला लागले तर दार लावावं लागलं असतं, आणि पावसाळाभर मुंबईहून दमडी येणार नव्हती.

आणि नेमकं त्याच वेळी, कर्म माझं, आमचा शिपाई माझी ट्रंक खांद्यावर घेऊन जिना उतरला. धक्क्यावर आधी नेऊन ठेवावी म्हणून मीच त्याला सांगितलं होतं. खाली काय चाललंय याची मला वर काय कल्पना! सोपा एकदम गप्प झाला. मग काशीशेटचा आवाज आला, शांत, अगदी मऊ, "सायेब, एजंटीणबाय कुठं चालल्या?"

ह्यांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. मग ट्रंक पुन्हा जिना चढली. शिपायाने ती माझ्यासमोर ठेवली आणि खाली मान घालून गेला. पाठोपाठ हे आले. कपाळावर घाम. म्हणाले, "या बोटीनं तुला जाता येणार नाही गं."

"आणि पुढची बोट कधी?"

त्यांनी कपाळ पुसलं. पुढची बोट कधी ते आमच्या बंदरातलं शेंबडं पोरही सांगेल.

मी रडले, भांडले, जेवले नाही. संध्याकाळी शेजारची खतीजाबी वर आली. तिचा नवरा मोठ्या आगबोटीवर सारंग, खलाशांचा मुकादम, वर्षाला एकदा तोंड दाखवणारा. त्याची सगळी कमाई आमच्या बँकेत. ठेव हा शब्द ती कधी वापरायची नाही, अमानत म्हणायची. मला वाटलं, ही समजूत काढायला आली असेल. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "वयनी, तू जाऊ नको. तू गेलीस तर एजंटबी रातीत जाईल असं लोक म्हंतात. तू वर दिसलीस तर मला झोप लागंल. मी खोटं कशाला बोलू? माझ्यासाठी ऱ्हा."

मला तिचा इतका राग आला! माझ्या आईचा दमा, माझं पोट, माझी भरलेली ट्रंक, आणि हिला झोप लागायला हवी. पण तिचे हात गार पडले होते. त्या दिवशी मला कळलं, बँकेत लोक घरं, दागिने, सुपारीची पोती तारण ठेवतात, आणि बँकेने गावाकडे ठेवलेलं तारण मी आहे. दुसऱ्या दिवशी आगबोट बाहेर समुद्रात थांबली. किनाऱ्यावरून छोटे पडाव माणसं घेऊन तिच्याकडे गेले. मी गॅलरीत उभी होते, आणि रस्त्यावरची माणसं बोटीकडे न बघता माझ्याकडे बघत होती. शिट्टी झाली. आतल्या बाळाने तेवढ्यात लाथ मारली. मी कठडा धरून खाली बसले, तर खालून कोणीतरी ओरडलं, "एजंटीणबाय आत गेल्या काय?" पुन्हा उभी राहिले. काय करणार?

गॅलरी झाकायची नाही, हे त्याच आठवड्यात ठरलं. झापांची गाडी दारात आली ती ह्यांनी परत पाठवली. "लोकांना तू दिसायला हवीस," म्हणाले. मग दोन महिने मी दिसले. सकाळी लुगडं वाळत घालायला दिसले, दुपारी तांदूळ निवडायला दिसले, संध्याकाळी कंदील लावायला दिसले. पावसात लुगडं वाळत घालणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे? मी घालायचे. दोरीवरचं ओलं लुगडं काढून पिळायचं आणि तेच पुन्हा घालायचं. खरी लुगडी आत शेगडीवर दुरडी पालथी घालून वाळायची, त्यांना धुराचा वास यायचा. माझ्या अंगाला त्या पावसाळ्यात तीनच वास होते. धुराचा, ओल्या काथ्याचा आणि समोरच्या वखारीतून येणाऱ्या कुजक्या सुपारीच्या सालींचा. आजही वखारीत साली भिजल्या की माझी कंबर दुखायला लागते.

वाईट याचं वाटायचं की कोणी वाईट नव्हतं. काशीशेट रस्त्याने जाताना वर बघून विचारायचा, "एजंटीणबाय, पाय सुजले न्हाय ना?" एकीने आंबोशीचं लोणचं पाठवलं, एकीने वालाची बिरडी. माझ्या डोहाळ्यांची काळजी सगळ्या गावाला होती, मला सोडायला मात्र कोणी तयार नव्हतं. पहारेकरी शिव्या देणारा असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. लोणचं पाठवणाऱ्याशी कसं भांडायचं?

श्रावणात, पौर्णिमा तोंडावर आलेली असताना, म्हसळ्याहून चालत आलेल्या कोणा व्यापाऱ्याने बातमी आणली की मुंबईत आमच्या बँकेची पाटी उतरवली. आता नवी लावायची तर जुनी उतरवणारच की! पण झालं. भर सकाळी सोपा पुन्हा भरला. या वेळी आवाज मऊ नव्हते. आणि मला त्याच सकाळी कळा सुरू झाल्या. सुईणीला आणायचं तर त्याच जिन्याने, त्याच गर्दीतून. तिला कोणी वाट देईना, सगळ्यांना वाटलं हीदेखील पुढे घुसून पैसे काढणार. शेवटी खतीजाबीने तिला दंडाला धरून ओढत वर आणलं.

मी दात आवळून होते. खाली पुरुष, वर मी, मध्ये लाकडाची तक्तपोशी. ओरडायची लाज वाटत होती. खतीजाबी म्हणाली, "ओरड गो! कुनाची लाज धरतेस? ज्यांनी तुला हितं ठेवली त्यांची?" आणि मी ओरडले. अशी ओरडले की खालचा गलका जागच्या जागी थांबला. मग खतीजाबी जिन्याच्या तोंडाशी गेली. बाईमाणूस, पुरुषांसमोर कधी चढ्या आवाजात न बोललेली. ती म्हणाली, "ऐकलंत? ती वर हाय. पळायचं असतं तर अशी पळाली असती व्हय? आता चालते व्हा, न्हायतर माझी अमानत मी आजच काढते आनि तुमच्या तोंडावर मारते."

तिच्या बोलण्यात धड अर्थ नव्हता, पण लोक गेले. सिंधू जन्मली तेव्हा सोप्यात एकटा काशीशेट होता. तो खालूनच ओरडला, "एजंटसायेब, आज एक जमा झाली, खर्च काय न्हाय!" आणि संध्याकाळी तुपाची बरणी पाठवली.

बँक वाचली. पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बोटीने पाटीवर रंगवायचं नवं नाव आलं आणि मोठ्या कचेरीचं पत्र आलं, एजंटाने दाखवलेल्या धीराबद्दल संचालकांना समाधान वाटतं म्हणून. माझ्या लुगड्याबद्दल त्यात दोन ओळी नव्हत्या. त्याच बोटीने माझा धाकटा भाऊ आला. त्याला पडावातून उतरताना मी गॅलरीतून पाहिलं आणि त्याचं मुंडण केलेलं डोकं बघून समजले. आई सिंधूच्या बारशाआधीच गेली होती. मुलगी झाल्याचं कार्ड आम्ही म्हसळ्याच्या टपालाने धाडलं होतं. ते तिच्या हाती पडलं की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "आलं असेल गं," आणि दुसरीकडे बघायला लागला. त्या दिवसापासून मला वेणू म्हणणारं कोणी नाही.

नंतरची वर्षं बरी गेली. गॅलरीला झापं लागायला लागली. 'मालगमेशन' हा शब्द गावात रुळला. कोणाची शेळी चुकली, "मालगमेशन झालं." कोणाचा जावई रुसून गेला, "मालगमेशन झालं." सिंधू त्या जिन्यावर वाढली. वरून चौथी पायरी मोडकी, पाय पडला की कर्र वाजते. ही रांगायची तेव्हापासून ती पायरी वगळून उतरायला शिकली. अजून तशीच, न बघता, टुणकन. बाकी सगळे त्या पायरीवर पाय देतात आणि दचकतात. ही मुलगी अभ्यासात हुशार निघाली. यंदा मराठी सातवी पहिल्या वर्गात पास झाली. पुढची इयत्ता आमच्या बंदरात नाही. मुंबईत, आता माझा धाकटा भाऊ राहतो त्याच्या घराजवळ, मुलींची मोठी शाळा आहे. त्यांनी जागा ठेवली, पण शाळा उघडेल त्या दिवशी मुलगी हजर हवी, नाहीतर जागा दुसरीला. आम्ही ट्रंक आणली. सिंधू रोज उघडून बघायची.

आणि वैशाखात तार आली. आमची आधीच दोनदा लग्न झालेली बँक आता तिसऱ्यांदा, त्याहून मोठ्या बँकेत चालली. ह्यांनी या वेळी मोठ्याने वाचायची चूक केली नाही, गप्प बसायला शिकलेत. पण गाव काही बहिरं नाही. काशीशेट आता थकलाय, काठी टेकत येतो, पण बाक सोडत नाही. त्याने ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पुन्हा?"

ह्यांची दुसरीच चिंता. दोन बँका एक झाल्या की दोन एजंटांतला एक घरी बसतो, आणि पेन्शनीला अजून थोडी वर्षं कमी. शाखेत जरा गडबड झाली तर घरी बसणारा कोण, ते सांगायला नको. रात्रीची जेवणं झाल्यावर म्हणाले, "या पावसाळ्यात सिंधू राहू दे इथंच. पौर्णिमेनंतर पाठवू."

"शाळा पौर्णिमेची वाट बघणार आहे?"

"एक वर्षाचा प्रश्न आहे."

"माझाही एका पावसाळ्याचाच होता," मी म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी झापांची गाडी परत गेली. सिंधू ट्रंकेवर बसून राहिली, रडलीसुद्धा नाही. रडली असती तर बघवलं असतं. ती गॅलरीच्या दाराशी बसून बाहेर बघत होती, आणि रस्त्यावरून जाणारी माणसं वर बघत होती.  तारण म्हणून आता ही? माझं एकटीचं पुरलं नाही?

खतीजाबी आली ती सुपारी कातरायच्या निमित्ताने. पिकलीय आता, पण आवाज तोच. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मी या बोटीनं लेकाकडं मुंबैला चाललेय. तवा मी तुला अडिवली व्हती, वयनी. मी इसरले न्हाय. पोर माझ्यासंगं दे."

"अगं, पण जिना? आणि खाली काशीशेट?"

"माझी धाकली सून येनार माझ्यासंगं वर. तिच्या अंगावर चादर, डोक्यापासनं पायापत्तूर. खाली जाताना चादर जाईल, सून राहील. एवढं तुला कळत न्हाय, आनि म्हनं बँकेत ऱ्हातेस!"

बोटीच्या सकाळी तशीच ती आली. सुनेने चादर उतरवली, मी ती सिंधूच्या डोक्यावरून घातली. ट्रंक राहिली. परकर, पोलकी राहिली. एक बोचकं, तेही खतीजाबीच्या सामानात आधीच गेलेलं. सिंधूने चादर हनुवटीखाली धरली. ती म्हणाली, "आई, बाबांना सांगितलं नाही." मी म्हटलं, "तू चल." 

मी जिन्याच्या वरच्या तोंडाशी, भिंतीला चिकटून उभी. खतीजाबी पुढे, धपधप. चौथी पायरी कर्र वाजली. मागून दुसरी चादर. आणि ती चौथ्या पायरीशी पोचली आणि न बघता, टुणकन, पायरी ओलांडून खाली गेली.

खाली ह्यांची लेखणी थांबली. त्यांनी वर पाहिलं. त्या चादरीकडे पाहिलं. मग वर, माझ्याकडे.  बाकावर काशीशेट काठीवर हनुवटी टेकून त्याच दोन चादरींकडे बघत होता. हे उभे राहिले, आणि एकदम मोठ्याने म्हणाले, "काशीशेट! जरा इकडे या बघू. तो तुमचा अमालगमेशनचा शब्द आज नीट समजावून सांगतो."

काशीशेट काठी सावरत वळला. "आता सांगता सायेब? एवढ्या वर्षांनी?" हे त्याला कागद दाखवून समजावत राहिले, दोन बँका, एक नाव, माल जागच्या जागी, आणि तोवर दोन्ही चादरी दाराबाहेर उन्हात गेल्या. शिट्टी झाली तेव्हा मी गॅलरीत होते. या वेळी मीही बोटीकडे न बघता रस्त्याकडे बघत होते. हो, बोटीकडे बघितलं असतं तर लोकांनी माझ्या तोंडावर वाचलं असतं. सून दुपारपर्यंत माझ्याबरोबर सुपारी कातरत बसली. घरून दुसरी चादर आली ती घेऊन गेली.

त्या दिवशी मी सिंधूचा हिरवा परकर धुतला आणि दोरीवर घातला, माझ्या लुगड्याच्या शेजारी, रस्त्यावरून नीट दिसेल असा. संध्याकाळी बँक बंद करून हे वर आले. मी म्हटलं, आता बोलतील. ते गॅलरीत जाऊन परकराकडे बघत राहिले. मग आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात सिंधूचा लाल परकर होता, माझ्याकडे धरलेला.

"उद्या हा घाल," म्हणाले. "रोज एकच दिसला तर लोकांना कळेल."

आणि मग, दोरीकडे तोंड करून, अगदी हळू, "वेणू," म्हणाले.

आज श्रावण लागला. पाटीवरचं नाव पुन्हा बदललं आहे. सकाळी काशीशेट खालून विचारत होता, "सिंधूताय दिसत न्हाय?" मी म्हटलं, "न्हातेय." तो दोरीकडे बघून समाधानाने गेला. पाऊस आत येतोय. लाल परकर पिळून पुन्हा घालायचा आहे.